तो गाडीवर असतो
(दहावी 1996 च्या तुकडीच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मला दिलेला विषय होता ‘परदेशातलं आयटी क्षेत्र’. 22 वर्षं मी सॉफ्टवेअर लिहिते आहे. पण त्याबद्दल बोलायला लागले तर मागच्या बाकावरचे पाच मिनिटांत झोपतील. तेव्हाही तेच झोपायचे. शिवाय सकाळपासून इथे मला एकच प्रश्न विचारला जातोय, मॉनिटर का नाही आला? तर त्याचंच सांगते.

आपल्या ‘ब’ तुकडीचा मॉनिटर, म्हणजे माझा नवरा, आज ड्युटीवर आहे. आत्ता इथे दुपारचे साडेबारा वाजलेत, तिथे संध्याकाळचे सहा. त्याची रात्रपाळी सुरू झाली असेल. तो ऑस्ट्रेलियात मिल्डुरा नावाच्या गावात ॲम्ब्युलन्सवर पॅरामेडिक आहे. ड्रायव्हर नाही, डॉक्टर नाही, पॅरामेडिक.

हे वाक्य मी तुमच्यासमोर पहिल्यांदाच बोलतेय. 2019 मध्ये त्याची पदवी झाली तेव्हा ग्रुपवर मी फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, ‘हेल्थकेअरमध्ये नवी सुरुवात’. तुम्ही विचारलंत, हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर का? मी अंगठा दाखवून मोकळी झाले. घरच्यांनाही मी ‘हॉस्पिटलमध्ये असतो’ असंच सांगत होते. एकदा मावशींनी फोनवर विचारलं, “अगं, तो गाडीवर असतो म्हणे?” मी विषय बदलला. त्याची नोकरी गेली, कंपनीने काढलं, असं काहीबाही तुमच्या कानावर आलं असेल. ते खरं नाही. त्याने स्वतः सोडली. लाज त्याला नव्हती, मला होती. तो इथे असता तर हे बोलायला सोपं गेलं असतं की अवघड, कोण जाणे.

त्याने का सोडली ते सांगते. शाळेच्या फाटकासमोरचं वह्या-पुस्तकांचं दुकान आठवतंय ना? माझ्या बाबांचं. तुमच्यातल्या निम्म्यांची कंपासपेटी तिथली आहे, आणि काहींची उधारी अजून वहीत आहे. 2008 साली रथोत्सवाला आम्ही दोघं लेकीला घेऊन तासगावला आलो होतो. ऋषिपंचमीचा दिवस, रथ ओढायला सगळा तालुका लोटलेला. दुपारी बाबा जेवून उठले आणि ओट्यावर कोसळले. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी पाणी मारलं. शेजारच्यांची जीप मिळाली, पण गर्दीतून सांगली रस्त्याला लागायलाच अर्धा तास गेला. त्यांचं डोकं याच्या मांडीवर होतं. मी तळपाय चोळत होते. वाटेत त्यांचा श्वास थांबला, ते आम्हाला कळलंसुद्धा. तरी मी तळपायच चोळत राहिले.

सांगलीत डॉक्टरांनी एवढंच विचारलं, “वाटेत कुणी छाती दाबली होती का?” आम्ही दोघं इंजिनिअर. असं काही करायचं असतं हेच आम्हाला माहीत नव्हतं.

मी रडून घेतलं. हा रडला नाही. हा प्रश्न याच्या डोक्यात नऊ वर्षं राहिला. 2010 मध्ये माझ्या नोकरीमुळे आम्ही मेलबर्नला गेलो. यालाही टेस्टिंगमध्ये चांगलं काम मिळालं, कर्जावर घर झालं, आणि 2017 मध्ये एके दिवशी हा म्हणाला, मी कॉलेजला जातो. वय 37. वर्गात सगळी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं. तीन वर्षांचा अभ्यासक्रम : शरीररचना, औषधं, ईसीजी वाचणं, आणि स्ट्रेचर उचलायचं म्हणून व्यायाम. दहावीत पीटीच्या तासाला पोट दुखणारा आपला मॉनिटर पहाटे पाचला पळायला जायला लागला.

आपल्याकडे 2014 पासून 108 सुरू झाली, तिच्यात डॉक्टर असतो. तिथल्या गाडीत सहसा डॉक्टर नसतो. दोन पॅरामेडिक असतात, आळीपाळीने एक जण चालवतो आणि एक जण पेशंटपाशी बसतो. ईसीजी काढून हार्ट ॲटॅक ओळखणं, शिरेतून औषध देणं, शॉक देणं हे तेच करतात, कुणाला विचारत बसत नाहीत. 2018 च्या डिसेंबरपासून तिथे पॅरामेडिकची देशपातळीवर नोंदणी होते. नोंदणी नसेल तर स्वतःला पॅरामेडिक म्हणवून घेता येत नाही. हे सगळं मला पाठ होतं. तरी मावशींना सांगता येत नव्हतं.

2020 मध्ये तो लागला, तेही ऐन कोविडात, मेलबर्नमध्येच. त्या वर्षाबद्दल बोलत नाही, ते सगळ्यांनीच आपापल्या घरी पाहिलंय. खरं भांडण झालं 2022 मध्ये. त्याला मिल्डुराची जागा मिळत होती. मेलबर्नपासून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, व्हिक्टोरिया राज्याच्या अगदी वायव्य टोकाला. मी म्हटलं, तू जा, मी येणार नाही. लेक नववीत, माझं ऑफिस मेलबर्नला, मैत्रिणी, दत्तजयंती, गणपती, सगळं तिथे. दोन महिने आमच्या घरात फक्त कामापुरतं बोलणं होतं. शेवटी माझ्या कंपनीने कायमचं घरून काम करायला परवानगी दिली आणि माझ्याकडचं कारणच संपलं.

जानेवारीत निघालो. सरळसोट रस्ता, दोन्ही बाजूंना खुरटी झाडं, आणि दिवस मावळला की कांगारूंची धास्ती. मिल्डुरा जवळ आलं तसा याने गाडीचा वेग कमी केला. दोन्हीकडे द्राक्षबागा. एका ठिकाणी लांबच लांब पत्र्याचं छप्पर, खाली जाळ्यांचे मजले. हा गाडी बाजूला घेऊन उतरला आणि म्हणाला, “हे तर आपलं सावळजचं शेड!” ती बेदाण्याची शेडच होती. ऑस्ट्रेलियाचा बहुतेक बेदाणा याच पट्ट्यातून येतो. 1887 मध्ये चॅफी नावाच्या दोन कॅनेडियन भावांनी मरे नदीचं पाणी उचलून इथे बागा वसवल्या. आणि गंमत म्हणजे आपल्याकडे घड डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात ना, ती पद्धत ऑस्ट्रेलियातलीच. म्हणजे एका बेदाण्याच्या गावातून निघून, जगाला वळसा घालून आम्ही दुसऱ्या बेदाण्याच्या गावात पोचलो होतो. मागच्या सीटवरून लेक म्हणाली, “ग्रेट. रेझिन्स.” पुढचे सहा महिने ती आमच्याशी नीट बोलली नाही.

त्याचं वेळापत्रक असं : दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या, चार दिवस सुट्टी. रात्रपाळी 14 तासांची, आणि संपताना कॉल आला तर आणखी. मेलबर्नमध्ये मोठं हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर असतं. इथे फार गंभीर पेशंट विमानाने मेलबर्नला किंवा ॲडलेडला न्यावा लागतो. बागांमधून कधी चाळीस-पन्नास किलोमीटर जायचं आणि तेवढंच यायचं. तेवढा वेळ पेशंट आणि हे दोघंच. उन्हाळ्यात पारा 45 च्या पुढे जातो, द्राक्षतोडीला आलेली माणसं चक्कर येऊन पडतात. एकदा एक पंजाबी आजोबा कुणालाच काही सांगेनात. याने हिंदीत विचारलं तेव्हा कळलं, छातीत पहाटेपासून दुखतंय, पण मुलगा रागावेल म्हणून गप्प होते.

काही सकाळी गाडी दारात येऊन उभी राहते आणि हा आत येत नाही. वीस-वीस मिनिटं स्टिअरिंगवर हात ठेवून बसतो. सुरुवातीला मी बाहेर जाऊन काय झालं म्हणून विचारायची. आता चहा उशिरा टाकते.

आता माझं सांगते. तिथे गुडसॅम नावाचं ॲप आहे. जवळपास कुणाचं हृदय बंद पडलं आणि 000 ला फोन गेला, की आसपासच्या नोंदणी केलेल्या माणसांच्या फोनवर इशारा वाजतो. ज्याला छाती दाबता येते त्याने धावायचं. याने मला शिकवलं आणि नोंदणी करायला लावली. मी केली, पण ‘आपल्याला कशाला कॉल येतोय’ असं म्हणून.

2023 च्या एका संध्याकाळी मी ऑनलाइन मीटिंगमध्ये होते आणि फोन किंचाळला. पत्ता आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावरचा. हा ड्युटीवर, तेव्हा चाळीस किलोमीटर लांब. मी स्लिपरवरच पळाले. एक म्हातारे इटालियन गृहस्थ, पूर्वी बागायतदार, खुर्चीतच कलंडलेले. त्यांची बायको हातात फोन धरून उभी, स्पीकरवर 000 ची मुलगी सूचना देतेय. आम्ही दोघींनी त्यांना जमिनीवर घेतलं. मी गुडघ्यांवर बसले, हात ठेवले आणि दाबायला लागले. पहिल्या काही दाबांत बरगडी कडाडली. तो आवाज मला आधी सांगितलेला होता, तरी हात थांबले. फोनवरची मुलगी ओरडली, थांबू नका. मी मोजत होते, मराठीत. तीसपर्यंत, पुन्हा एकपासून. मला समोर ते दिसतच नव्हते, जीप दिसत होती.

नऊ मिनिटांनी गाडी आली. दोन पोरी उतरल्या. एकीने मला खांद्याला धरून बाजूला केलं, दुसरीने पॅड लावले. दुसऱ्या शॉकनंतर हृदय चालू झालं. त्यांना विमानाने मेलबर्नला नेलं. चौथ्या दिवशी ते गेले. पण त्यांचा मुलगा पर्थहून येऊन पोचला होता, दोन दिवस बापाजवळ बसला होता. ती बाई दरवर्षी आमच्याकडे घरच्या टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या पाठवते.

त्या रात्री मी मावशींना फोन केला. म्हटलं, “हो मावशी, तो गाडीवर असतो.” त्या म्हणाल्या, “मला माहितीये गं. तूच सांगत नव्हतीस.”

आता याचा निरोप. त्याने माझ्या बॅगेत दोन पुतळे भरून दिलेत, नुसतं डोकं आणि छाती. मुंबई विमानतळावर बॅग उघडायला लावली तेव्हा काय झालं ते जेवताना सांगते. ते पुतळे मागे टेबलांवर ठेवलेत. गुडघे दुखत असतील त्यांनी उभ्याने करा, चालतं. माणूस हाक मारून, हलवून उठत नाही, श्वास नीट नाही, की आधी 108 ला फोन, फोन स्पीकरवर, आणि मग छातीच्या मधोमध दोन्ही हात. पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. जेवणाला अजून अर्धा तास आहे. पीटीचे सर, आधी तुम्ही या. आणि मागच्या बाकावरच्यांनो, तुम्ही निघायचं नाही, मॉनिटरला नावं कळवायची आहेत.