पुळण पाहावी तिथी पाहून



समुद्रावर सहलीला जाण्यासाठी व्याख्यान कशाला हवे, असे आजचा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल. डबे भरावे, गाडी पकडावी आणि निघावे! आम्हीही असेच निघत होतो. पण आम्हा कांदिवलीकरांचे समुद्राशी नाते थोडे चमत्कारिक आहे. १९२० नंतरच्या दशकात बॅकबेच्या भरणीसाठी येथल्या खाणींतला दगड गेला. मरीन ड्राइव्हवर वारा खात बसणाऱ्या मुंबईकराला आपल्या गावच्या दगडाने टेकू दिला आहे. आपल्या वाट्याला मात्र उघडी पुळण आली नाही. चारकोपच्या पलीकडे तिवरांचे रान आणि खाडी. त्यामुळे दर्या पाहायचा, तर कोठला पाहायचा हे आपणांस ठरवावेच लागते.

ठरविताना आपण काय पाहतो? गर्दी कोठे कमी, भाडे कोठे थोडे, खाण्याची सोय कोठे. एक गोष्ट मात्र पाहत नाही, ती म्हणजे तिथी.

पूर्वी एका रविवारी आम्ही चार कुटुंबे मिळून मालाडहून आक्सा गाठले. दुपारी जेवणे आटोपली आणि मुले पाण्यात शिरली. पाणी गुडघाभर, लाटा मऊ. आम्ही निर्धास्त होतो. इतक्यात टोपली घेऊन चाललेली एक कोळीण थांबली आणि म्हणाली, “दादा, पाणी उतरतंय. पोरांना वर काढा.” आम्ही हाका मारल्या. आमचा पुतण्या वळला, पण त्याला पाऊल पुढे टाकता येईना. पायाखालची वाळूच सरकत होती. दोघांनी हात धरून त्याला ओढून आणले. त्याच किनाऱ्यावर आजवर अनेक घरांतली तरुण मुले गेली आहेत. आमचे मूल परत आले ते आमच्या शहाणपणाने नव्हे, त्या बाईच्या एका हाकेने.

घरी येऊन भिंतीवरची दिनदर्शिका पाहिली. पौर्णिमा होती.

आता कोळ्यांचा जुना हिशेब ऐका. तिथीला पाऊण तासाने गुणावे. येईल ती आपल्या बाजूच्या भरतीची साधारण वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा भरती आणि प्रत्येकीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पुरी होते. हा हिशेब ढोबळ आहे; नक्की वेळेसाठी भरती-ओहोटीचे छापील कोष्टक पाहावे. पण त्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते. मुंबईला पाण्याची चढउतार तेव्हा चार मीटरांच्याही वर जाते. आणि भरती बाराला, म्हणजे बारा ते सहा ओहोटी! आपण जेवून पाण्यात उतरतो नेमके तेव्हाच समुद्र सर्वांत जोराने माघारी फिरलेला असतो. आक्शासारख्या खाडीच्या मुखाजवळच्या किनाऱ्यावर वाळू जागा बदलते, खड्डे पडतात आणि उतरते पाणी माणसाला आत नेते. वरून काहीच दिसत नाही.

मग जावे तरी कोठे? उधाणाच्या रविवारी वसईला जावे. दोनशेहून अधिक वर्षे पोर्तुगीजांकडे असलेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी जिंकलेला तो किल्ला सकाळी मुलांना दाखवावा, पडक्या देवळांतून नव्हे तर पडक्या चर्चमधून हिंडावे आणि उन्हे कलल्यावर किनाऱ्यावर नुसते बसावे. पाण्यात उतरण्याचा मोह त्या दिवशी सोडावा. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. चढउतार निम्म्यावर येते आणि पाणी दुपारभर सावकाश वर चढते. अशा दिवशी मार्व्याहून नावेने मनोरीला, किंवा बोरिवलीहून खाडी ओलांडून गोराईला जावे. मुलांनी पाय भिजवावेत, पण गुडघ्यापर्यंतच, आणि मोठ्यांनी हात सोडू नये. घरात वृद्ध मंडळी असतील, तर जुहू बरा. तेथे जाणे-येणे सोपे. पावसाळ्यात मात्र कोठलाच किनारा निवडू नये. ज्यांचे पोट दर्यावर आहे ते कोळीसुद्धा तेव्हा होड्या वर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पुन्हा दर्याकडे वळतात. आपण त्यांच्याहून धीट असण्याचे कारण नाही.

कोठेही गेलात तरी पहिले काम एकच करा. पुळणीवर जो स्थानिक माणूस भेटेल, त्याला विचारा, “पाणी चढते आहे की उतरते आहे?” या प्रश्नात कमीपणा नाही. आम्ही तो विचारला नव्हता. उत्तर मात्र न विचारता मिळाले. प्रत्येकाला तसे मिळेलच असे नाही.

श्रोतेहो, उपासाची तिथी आपण चुकवीत नाही, लग्नाची तर नाहीच नाही. सहलीच्या तिथीलाही तेवढाच मान द्यावा, एवढेच आमचे मागणे.