खारीचे जखमी पिल्लू सापडले तर काय करावे?

(शेती कार्यक्रमात आकाशवाणीवरून दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आज खते, बियाणे आणि फवारणी हे विषय बाजूला ठेवून एका वेगळ्याच पाहुण्याविषयी बोलायचे आहे. नारळाच्या झावळ्या काढताना, जुने छप्पर उतरवताना, कडब्याची गंजी हलवताना किंवा बांधावरची बाभूळ तोडताना खारीचे घरटे खाली येते. वळवाच्या वाऱ्यातही घरटी पडतात. काथ्या, कापूस, गवत आणि चिंध्या यांचा तो एक गोळा असतो. त्यात अंगठ्याएवढी, डोळे मिटलेली दोन-तीन पिल्ले असतात. एखादे मांजराच्या तोंडी लागते, एखाद्याला कावळा टोचतो आणि उरलेले मुले घरी घेऊन येतात.

पुढे काय होते ते आपण बहुतेकांनी पाहिले आहे. कोणीतरी वाटीत गाईचे दूध आणते, कापसाचा बोळा बुडवून पिल्लाच्या तोंडात पिळते आणि घरातली सगळी माणसे भोवती बसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू मेलेले असते. "एवढी माया केली, तरी जगले का नाही?" असे मुले विचारतात. या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, बहुतेक वेळा पिल्लू भुकेने मरत नाही. ते गारठ्याने मरते किंवा छातीत दूध गेल्याने मरते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात.

आता कोणी म्हणेल, "साहेब, खार आमची डाळिंबे फोडते, पेरू कुरतडते, शहाळ्याला भोक पाडते. तिला वाचवायचे कशाला?" तक्रार खरी आहे आणि नुकसानही खरे आहे. पण बाग राखायची ती फळांना पिशव्या बांधून, नारळाच्या खोडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळून आणि वेळेवर तोडणी करून. डोळे न उघडलेले पिल्लू मारून बाग वाचत नाही. शिवाय खार किडेही खाते. सावरीच्या, पांगाऱ्याच्या फुलांतला मध चाखताना परागही इकडून तिकडे नेते. सेतू बांधताना वाळूचे कण वाहणाऱ्या खारीची गोष्ट आपण मुलांना सांगतो आणि खारीचा वाटा म्हणतो. त्याच मुलांसमोर जखमी पिल्लू उकिरड्यावर टाकणे बरे दिसत नाही.

तर मग क्रमाने पाहू.

पहिले काम : ऊब

पिल्लू हातात घेताच ते गार लागते की गरम, हे पाहा. गार असेल तर तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नको. गारठलेल्या पिल्लाची आतडी काम करत नाहीत. त्याला नीट गिळता येत नाही आणि पाजलेले पोटात तसेच राहते.

बुटांचा खोका किंवा लहान टोपली घ्या. त्यात जुने, मऊ, सुती फडके अंथरा. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांत नख्या अडकतात. बाटलीत गरम पाणी भरून, बूच घट्ट लावून, ती फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा. दुसरी बाजू मोकळी असू द्या, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लाला सरकता येईल. बाटली मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी. चटका बसता कामा नये, ऊब लागावी. दर दोन-तीन तासांनी पाणी बदलावे. चुलीजवळ किंवा थेट उन्हात खोका ठेवू नये. वर फडके झाकून, मांजर, कुत्रे आणि मुंग्या यांपासून दूर, शांत जागी ठेवावा.

घाईत असाल तर दोन्ही हातांच्या ओंजळीत धरून ऊब दिली तरी चालते. अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू गरम होऊन वळवळू लागते.

दुसरे काम : जखम पाहणे

ऊब आली की उजेडात अंग तपासा. मुंग्या लागल्या असतील तर मऊ ब्रशने झटकून काढा. कान, नाकपुड्या आणि मांड्यांच्या सांध्यात नीट पाहा. केसांत तांदळाच्या बारीक कणीसारखे पांढरे काही दिसले, तर ती माशीची अंडी आहेत. ती चिमट्याने किंवा ओल्या कापसाने लगेच काढावीत. एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात आणि त्या जिवंत मांस खातात.

खरचटले असेल तर अर्धा लिटर उकळून निवालेल्या पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालून त्या पाण्याने जखम धुवावी. नंतर पोव्हिडोन आयोडीनचे औषध पाण्यात मिसळून, फिक्या चहाचा रंग येईल इतके पातळ करून, कापसाने हलके लावावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने चार-पाच मिनिटे दाबून धरावे.

काय लावू नये, तेही ऐका. बैलाच्या जखमेतल्या अळ्यांवर आपण टर्पेंटाइन किंवा फिनेल घालतो. ते इथे चालणार नाही. रॉकेल, चुना, तंबाखू यांपैकी काहीही नको. वीस ग्रॅमच्या जिवाला हे सर्व विष आहे. आपल्या घरातली तापाची, दुखण्याची गोळीही देऊ नका.

पाय मोडला असेल तर काड्या बांधून ओढाताण करू नये. फडक्याच्या मऊ घडीत ठेवून हालचाल कमी करावी आणि दवाखान्यात न्यावे.

मांजराने धरले असेल तर विशेष काळजी घ्यावी. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली, किंवा दिसलीच नाही, तरी मांजराच्या लाळेतले जंतू आत गेलेले असतात आणि एक-दोन दिवसांत रक्तात पसरतात. अशा पिल्लाला त्याच दिवशी पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे न्या. प्रतिजैविक लागते आणि त्याचे माप वजनावर ठरते. जनावरांसाठी घरात उरलेले औषध अंदाजाने देणे म्हणजे मारणेच.

आई जिवंत आहे का?

पिल्लू गरम आहे, जखम नाही आणि आसपास खार चिरकत फिरते आहे, असे असेल तर आईच सर्वांत चांगली दाई आहे. माणसाचा हात लागला म्हणून खार पिल्लू टाकून देते, ही समजूत चुकीची आहे. पडलेल्या घरट्याचा काथ्या आणि कापूस लहान टोपलीत भरा, पिल्लू त्यात ठेवा आणि त्याच झाडाला, मांजराच्या उडीच्या वर, टोपली घट्ट बांधा. मग सगळ्यांनी दूर व्हावे. खार तोंडात धरून एकेक पिल्लू दुसऱ्या घरट्यात नेते. दोन-तीन तास वाट पाहावी.

हा प्रयत्न दिवसाच करावा. खार दिवसा हिंडणारा प्राणी आहे, रात्री ती येणार नाही. संध्याकाळी सापडलेले पिल्लू रात्रभर उबेत ठेवून सकाळी पुन्हा झाडावर ठेवता येते. आई मेलेली दिसली, किंवा पिल्लू जखमी असेल, तरच ते आपल्याकडे ठेवायचे.

तिसरे काम : पाणी, मग दूध

पिल्लाच्या पाठीची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट झाली नाही तर अंगातले पाणी कमी झाले आहे. मेडिकलमध्ये मिळणारी जलसंजीवनी पाकिटावरच्या मापाप्रमाणे करावी. ती नसेल तर एक लिटर उकळून निवालेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. हे पाणी कोमट करून पहिल्या एक-दोन वेळा द्यावे.

दुधाविषयी नीट लक्ष द्या. गाई-म्हशीच्या दुधाने पिल्लाला हगवण लागते. खारीच्या दुधात चरबी जास्त असते आणि गाईच्या दुधातली साखर या पिल्लांना पचत नाही. पशुवैद्यकीय औषधांच्या दुकानात कुत्र्याच्या पिल्लांसाठी दूध पावडर मिळते, ती वापरावी. आरंभी पातळ करून, दोन-तीन वेळांत हळूहळू नेहमीच्या मापावर यावे. तालुक्याला जाईपर्यंत एखादी रात्र काढायची असेल तर शेळीचे दूध उकळून, निववून, तात्पुरते द्यावे. ती कायमची सोय नव्हे.

किती पाजावे? शंभर ग्रॅम वजनाला एका वेळी पाच मिलिलिटर, हे माप लक्षात ठेवा. म्हणजे वीस ग्रॅमच्या पिल्लाला एका वेळी फक्त एक मिलिलिटर. वजन किराणा दुकानातल्या बारीक इलेक्ट्रॉनिक काट्यावर होते.

किती वेळा? अंगावर केस नसतील तर दर दोन-अडीच तासांनी, रात्रीसुद्धा. केस आले पण डोळे मिटलेले असतील तर तीन-चार तासांनी. डोळे उघडले की चार-पाच तासांनी. खारीचे डोळे साधारण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास उघडतात.

कसे पाजावे? बरीच पिल्ले इथेच हातची जातात. पिल्लाला उताणे कधीही धरू नका. पालथे किंवा अर्धवट उभे धरा, मान किंचित वर असू द्या. एक मिलिलिटरची, सुई काढलेली सिरिंज घ्या. तिचे टोक ओठाच्या कडेला लावून एकेक थेंब सोडा आणि पिल्लाने चाटल्यावर पुढचा थेंब द्या. कापसाचा बोळा पिळला तर थेंब मोजता येत नाहीत आणि दूध श्वासनळीत जाते. नाकातून दूध आले तर ताबडतोब थांबा, डोके खाली करून नाक पुसा आणि दहा मिनिटे काही देऊ नका. नंतर श्वास घेताना 'चिक चिक' आवाज येऊ लागला, तर ते फुप्फुसाच्या दाहाचे लक्षण आहे. डॉक्टर गाठा.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. डोळे न उघडलेल्या पिल्लाला आपले आपण लघवी आणि शी करता येत नाही. आई चाटते तेव्हा ते होते. म्हणून प्रत्येक पाजण्यानंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पोटाखालचा भाग हळुवार पुसावा. मिनिटभरात लघवी होते. हे केले नाही तर पोट फुगून पिल्लू मरते.

पुढे काय?

डोळे उघडून पिल्लू कुरतडू लागले की पेरू, सफरचंद, काकडी, कोवळा पाला यांचे तुकडे ठेवावेत. शेंगदाणे आणि सूर्यफुलाचे बी थोडेच द्यावे. नुसत्या दाण्यांवर वाढवले तर कॅल्शियम कमी पडते, हाडे ठिसूळ होतात आणि मागचे पाय लुळे पडतात.

बाळांनो, खार हे खेळणे नव्हे. खांद्यावर बसणारी खार छान दिसते, पण माणसाची आणि मांजराची भीती मोडलेली खार बाहेर चार दिवस टिकत नाही. म्हणून दूध सुटत आले की हाताळणे कमी करावे. दहा-बारा आठवड्यांची, स्वतः खाणारी आणि चढणारी खार झाडावर टांगलेल्या पिंजऱ्यात काही दिवस ठेवावी. मग एका सकाळी दार उघडून द्यावे. काही दिवस तिथेच थोडे खाणे ठेवावे. ती येईल, जाईल आणि एके दिवशी यायची थांबेल.

खार हा वन्य प्राणी आहे. तो पाळणे किंवा विकणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याला धरून नाही. पिल्लू सापडताच वनरक्षकाला किंवा वनखात्याच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे आणि ते सांगतील तसे करावे. सह्याद्रीच्या भागात मोठ्या, तांबूस, झुपकेदार शेपटीच्या शेकरूचे पिल्लू सापडले तर घरी वाढवण्याचा विचारच करू नका. तो आपला राज्यप्राणी आहे. उबेत ठेवून वनखात्याकडे सोपवा.

पिल्लू हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. चावले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवून डॉक्टरांना दाखवावी.

थोडक्यात लक्षात ठेवा :

१) आधी ऊब, मग पाणी, मग दूध. गार पिल्लाला काहीही पाजू नये.
२) मांजराने धरलेले पिल्लू त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.
३) गाई-म्हशीचे दूध आणि कापसाचा बोळा, दोन्ही टाळावे.
४) पालथे धरून थेंबाथेंबाने पाजावे, नंतर ओल्या कापसाने पुसावे.
५) आई असेल तर पिल्लू आईकडेच द्यावे.
६) वनखात्याला कळवावे. पिंजरा घरासाठी नाही, सोडण्यासाठी आहे.

आणि बंधूंनो, झावळ्या उतरवण्यापूर्वी किंवा झाड तोडण्यापूर्वी एकदा वर पाहा. घरटे दिसले आणि काम दोन-तीन महिने थांबण्यासारखे असेल, तर थांबा. पिल्ले मोठी होऊन आपणच निघून जातील आणि वर सांगितलेल्यापैकी काहीच करावे लागणार नाही.