आधी वास्तू, मग यंत्र



अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील व्हाइटवॉटर या गावी वॉरन जॉन्सन नावाचे एक प्राध्यापक अध्यापक विद्यालयात शिकवीत असत. हिवाळ्यात तेथील शिपाई वर्गावर्गांत डोकावून तापमान पाही आणि तळघरात जाऊन उष्ण हवेच्या झडपा कमी-अधिक करी. त्यामुळे शिकवण्यात व्यत्यय येई. जॉन्सन यांनी यावर उपाय शोधला. खोलीतील तापमान बदलले की तळघरात घंटा वाजेल, असे विद्युत-उपकरण त्यांनी सिद्ध केले. १८८३ साली त्यांना त्याचे पेटंट मिळाले. आजच्या 'बिल्डिंग ऑटोमेशन'चे बीज त्या घंटेत आहे.

आता घंटा ऐकणाऱ्या शिपायाच्या जागी संगणक आला आहे. तापमान, आर्द्रता, प्रकाश, खोलीतील कार्बन डायऑक्साइड यांची नोंद सेन्सर घेतात आणि त्यानुसार वातानुकूलन व दिवे नियंत्रित होतात. सभागृह रिकामे झाले की हवेचा पुरवठा आपोआप मंदावतो. पंख्याला लागणारी वीज त्याच्या गतीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे गती एक पंचमांशाने उतरवली, तरी वीज जवळजवळ निम्मीच लागते. बचतीचे खरे रहस्य येथे आहे.

तथापि यंत्र हा पहिला उपाय नव्हे. न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगचे उदाहरण बोलके आहे. १९३१ साली उभ्या राहिलेल्या या इमारतीचा ऊर्जावापर सुमारे ३८ टक्क्यांनी घटवण्याची योजना २००९ मध्ये जाहीर झाली. तेथे नव्या यंत्रणा बसवून काम भागवले गेले नाही. सुमारे साडेसहा हजार खिडक्यांच्या काचा इमारतीतच सुधारून घेण्यात आल्या आणि उष्णतारोधनाची व्यवस्था झाली. गरजच घटल्यामुळे जुने शीतकरण संयंत्र मोडीत न काढता सुधारून वापरता आले. त्याच्या जोडीला आधुनिक नियंत्रण यंत्रणा आली. आधी गरज कमी करावयाची आणि उरलेल्या गरजेवर यंत्राने लक्ष ठेवावयाचे, हा त्यातील बोध होय.

आपल्या नगरांत मात्र अनेकदा उलटी गंगा वाहते. थंड प्रदेशात ऊन आत घेण्यासाठी शोभणारी काचेची भिंत रणरणत्या उन्हाच्या देशात उभारली जाते आणि मग आत शिरलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी अहोरात्र वीज जाळली जाते. ज्या समाजाने जाड भिंतींचे, खोल ओसरीचे, मोकळ्या चौकाचे वाडे बांधले, त्याने हे अनुकरण करावे, हे आश्चर्यच! दिल्लीतील इंदिरा पर्यावरण भवन २०१४ साली खुले झाले. त्या इमारतीत मध्यवर्ती चौक आहे आणि छतावर ९३० किलोवॅट क्षमतेची सौर यंत्रणा आहे. परंपरा आणि तंत्रज्ञान हातात हात घालून चालू शकतात, याचा हा पुरावा.

शासनाने या दिशेने पावले टाकली आहेत. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ साली झाला आणि व्यावसायिक इमारतींसाठी ऊर्जासंहिता २००७ मध्ये आली. २०१७ साली तिचे सुधारित रूप प्रसिद्ध झाले. २०२२ च्या दुरुस्तीने मोठ्या निवासी इमारतीही तिच्या कक्षेत आणण्याचा मार्ग मोकळा केला. परंतु अंमलबजावणी राज्ये आणि स्थानिक संस्था यांच्या हाती आहे. नकाशा मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने संहिता वाचलीच नाही, तर ती कागदावरच राहणार.

शेवटचा प्रश्न माणसाचा आहे. कोट्यवधींची यंत्रणा बसवली, पण ती चालवणारा तंत्रज्ञ प्रशिक्षित नसला, तर पहिल्याच तक्रारीला तो स्वयंचलित व्यवस्था बंद करून हाताने कळ दाबतो, आणि सारी बचत तेथेच संपते. सेन्सरची वेळोवेळी तपासणी आणि विजेच्या नोंदींचे मासिक वाचन ही कामे केवळ यंत्रावर सोडून चालत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील तरुणांना यात सन्मानाचा रोजगार आहे.

२००५ नंतरच्या काळात महाराष्ट्रातील खेडी तासन्‌तास अंधारात होती. शेतकरी रात्री-बेरात्री पाण्याच्या पाळीला जात असे आणि महानगरांतील रिकामी कार्यालये उजळलेली असत. ती विषमता विस्मरणात जाऊ नये. आज उभी राहणारी इमारत पुढची पन्नास वर्षे वीज मागत राहील. ती किती मागेल, हे आजच्या नकाशावरच ठरते.