दिव्यातलं तेल संपलं पाहिजे

(हिवाळी व्याख्यानमालेत नंदुरबार येथे दिलेलं व्याख्यान)



व्हिडिओ गेममधली भीती हा आजचा विषय. पुढच्या रांगांमध्ये बसलेल्यांनी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढ-भयकथा वाचलेल्या आहेत. मागे भिंतीला टेकून उभी असलेली मुलं मोबाईलवर ‘ग्रॅनी’ खेळलेली आहेत. तेव्हा विषय कुणालाच परका नाही.

‘ग्रॅनी’पासूनच सुरुवात करू. 2017 साली आलेला हा खेळ. चित्रं ओबडधोबड, फोन साधा असला तरी चालतो. एका जुन्या घरात तुम्ही कोंडलेले आहात आणि बाहेर पडायला पाच दिवस आहेत. घरातल्या म्हातारीला सगळं ऐकू येतं. हातातली वस्तू खाली पडली की ती येते, कुरकुरणाऱ्या फळीवर पाय पडला की येते. मग पलंगाखाली शिरायचं आणि तिची पावलं लांब जाईपर्यंत तिथेच पडून राहायचं. कोट्यवधी डॉलर ओतून केलेल्या कित्येक खेळांना जे साधलं नाही ते या खेळाला साधलं. ते कशामुळे, हा आजचा प्रश्न आहे.

धारपांची कथा वाचताना दार उघडतो तो नायक. आपण पांघरुणात असतो. सिनेमात डोळे मिटले तरी प्रसंग पुढे सरकतो आणि थोड्या वेळाने डोळे उघडले की संकट टळलेलं असतं. खेळात ही सोय नाही. तुम्ही डोळे मिटून बसलात तर त्याच बोळात, त्याच दारासमोर बसून राहाल. पुढे जायचं तर दार तुम्हीच उघडायचं. माझं म्हणणं एवढंच आहे की भयखेळाची सगळी ताकद इथे आहे. खेळणाऱ्याला कृती करायला लावायची आणि त्या कृतीसाठी लागणारी माहिती, उजेड आणि साधनं मात्र कमी पडू द्यायची. हे ज्याला जमलं त्याचा खेळ जमला.

स्वीडनमधल्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या कंपनीने 2010 साली ‘अ‍ॅम्नेशिया: द डार्क डिसेंट’ आणला. हातात शस्त्र नाही. कंदील आहे, पण त्याचं तेल संपतं. अंधारात थांबलात तर तुमच्या पात्राचं मन बिघडू लागतं, उजेड केलात तर तेल जातं आणि तुम्ही दिसता. यातला एक प्रसंग मी नवशिक्यांना नेहमी खेळायला लावतो. तळघरात पाणी साचलेलं आहे. त्या पाण्यात काहीतरी आहे, पण त्याला शरीरच नाही. फक्त पाण्यावर एकामागून एक शिंतोडे उडतात, पावलं टाकत यावं तसे, आणि ते तुमच्याकडे येऊ लागतात. लाकडी खोक्यावर चढलात तर वाचता. पण पुढचं खोकं लांब आहे आणि मध्ये पाणी. शेवटी पळत जाऊन दार गाठावं लागतं, आणि या खेळात दार नुसती कळ दाबून उघडत नाही. माऊसने धरून खरोखर ओढावं लागतं. घाबरलेला माणूस नेमकं ते ढकलतो. मागून शिंतोड्यांचा आवाज येतोय आणि आपण उलट्या बाजूला जोर लावतोय! इथे कलाकाराने राक्षसाचं एकही चित्र काढलेलं नाही.

आता याचीच दुसरी बाजू पाहा. 2013 साली याच मालिकेतला ‘अ मशीन फॉर पिग्ज’ दुसऱ्या चमूने, द चायनीज रूमने, बनवला. लेखन पहिल्यापेक्षा सकस, संगीत देखणं. पण कंदील विजेचा झाला, त्याला तेल लागेना. मन बिघडण्याची भानगड काढून टाकली. वस्तू गोळा करून जपून वापरणंही गेलं. त्याबरोबर भीती गेली, निदान माझी तरी गेली. चांगली कथा ऐकत सुंदर अंधारातून चालत जाण्याचा अनुभव उरला. वातावरण म्हणजे धुकं, पडकी भिंत आणि मागून येणारा व्हायोलिनचा सूर, असा समज असलेल्यांनी हे दोन खेळ लागोपाठ खेळावेत.

बंदुकीने खेळ कसे बुडतात ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात फारसं गूढ नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल 6’ (2012) आणि ‘डेड स्पेस 3’ (2013) यांनी खेळणाऱ्याच्या हातात इतका दारूगोळा दिला की राक्षस म्हणजे नेमबाजीचे फलक झाले. पुढे 2017 च्या सातव्या ‘रेसिडेंट ईव्हिल’ने पुन्हा एका पडक्या घरात, नायकाच्या नजरेतून, मोजक्या गोळ्यांनिशी सुरुवात केली आणि मालिका सावरली. दचकवण्याचंही तसंच. अचानक किंकाळी आणि पडदाभर चेहरा, याने पहिल्यांदा छाती धडधडते. तिसऱ्यांदा आपण आवाज कमी करून ठेवतो.

आवाजाबद्दल मात्र सविस्तर बोलायचं आहे. 1999 सालचा ‘सायलेंट हिल’ पहिल्या प्लेस्टेशनसाठी बनला. त्या यंत्राला लांबवरचं शहर रेखाटणं झेपत नव्हतं, म्हणून बनवणाऱ्यांनी सगळं गाव धुक्यात बुडवलं. या खेळाचं कौतुक करताना सगळे धुक्यापाशीच थांबतात. धुकं माणसाचं काय करतं ते तुम्हाला शिकवायला नको. पावसाळ्यात तोरणमाळच्या सात पायरी घाटात ढग रस्त्यावर उतरले की आपण काय करतो? गाडीतली गाणी बंद करतो आणि काच खाली घेतो. डोळ्यांनी भागत नाही, म्हणून कान पुढे येतात. ‘सायलेंट हिल’ने हे नेमकं ओळखलं. नायकाच्या खिशात एक रेडिओ आहे आणि राक्षस जवळ आला की तो खरखरतो. कुठून येतोय ते सांगत नाही. 2014 च्या ‘एलियन: आयसोलेशन’मध्ये हालचाल टिपणारं यंत्र हातात आहे. ते टकटक वाजून धोका सांगतं, पण प्राणी जवळ असेल तर तीच टकटक त्यालाही ऐकू जाते. जी माहिती तुम्हाला जगवते तीच तुम्हाला पकडून देते. मी पाहिलेल्या युक्त्यांमध्ये ही सर्वांत कसदार. पण तो खेळ फार लांबला. तोच प्राणी इतके तास मागे लागला की त्याच्याशीही ओळख होते, आणि ओळख झाली की भीती उतरते.

आता आपल्याकडे येऊ. भारतातून भयखेळ येत नाहीत असं नाही. मुकुल नेगी या भारतीय तरुणाची ‘फिअर्स टू फॅदम’ ही मालिका 2021 पासून जगभर खेळली जाते आणि ती चांगली आहे. पण त्यातली घरं अमेरिकेतली, हमरस्ते अमेरिकेतले, टेहळणीचे मनोरे अमेरिकेतल्या जंगलातले. बाजारपेठ तिकडे आहे, हे मला समजतं. तरी हळहळ वाटते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 साली ‘राजी’ काढला तेव्हा आपल्या मातीतली गोष्ट जग खेळतं हे दिसलं होतं, जरी तो भयखेळ नव्हता. सिनेमात राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ आहेच. त्यातला न थांबणारा पाऊस काढून टाका आणि काय उरतं ते पाहा. 2018 साली आलेला हा चित्रपट 2024 मध्ये पुन्हा लागला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

मागे उभ्या असलेल्या मुलांना मी विचारतो, तुमच्या जिल्ह्यात काय कमी आहे? हिवाळ्यात शहराभोवती मिरचीच्या पथारी पडतात. नजर जाईल तिथवर लाल. समजा तुमच्या पात्राला रात्री त्या पथारींमधून लपतछपत जायचं आहे. वारा सुटला की खकाणा उठणार आणि ठसका दाबायचा म्हटलं तरी दाबता येणार नाही. लपण्याची जागाच तुम्हाला पकडून देते. हे स्वीडनमध्ये बसून कुणाला सुचणार नाही. किंवा नवापूरचं रेल्वे स्टेशन घ्या. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि घोषणा मराठीत, गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत. रात्री दोन वाजता फलाटावर तुम्ही एकटे आहात. चारही भाषांत गाडीची वेळ सांगितली जाते आणि एका भाषेतली वेळ बाकीच्या तिन्हींशी जुळत नाही. कुणावर विश्वास ठेवायचा ते तुम्ही ठरवायचं. रक्ताचा एक थेंबही लागत नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र स्पष्ट बोलतो. सातपुड्यावरचा भयखेळ म्हटलं की कुणाच्याही डोक्यात पहिल्यांदा डाकीण येईल. ती कृपा करून करू नका. डाकीण ठरवून बायकांना मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, त्यांचा जीव घेणं हे या डोंगरात खरोखर घडलेलं आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी इथे त्यासाठी वर्षानुवर्षं पायपीट केली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने एखादीवर करणीचा आळ घेऊन तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा ठरवला. अशा ठिकाणी तुमच्या खेळातली केस मोकळे सोडलेली, लाल डोळ्यांची डाकीण कुणाच्या तरी शेजारणीच्या अंगावर जाऊन बसेल. आणि कलेच्या हिशोबानेही ती कच्चीच आहे, कारण ती सगळं उत्तर देऊन टाकते.

उलट करून पाहा. खेळणारा ती बाई आहे. पाड्यावर एक मूल आजारी पडलंय. काल पाणी भरताना बोलणारी शेजारीण आज बोलत नाही. दुकानात उधारी मिळत नाही. रात्री दाराशी चारपाच आवाज आहेत, सगळे ओळखीचे. दार उघडायचं की नाही? मागच्या बाजूने निसटलीस तर संशय पक्का होतो, थांबलीस तर जमाव वाढतो. आत्तापर्यंत सांगितलेलं सगळं यात आहे: अपुरी माहिती, अपुरा उजेड, हातात शस्त्र नाही आणि निर्णय तुमचाच. असा खेळ अजून माझ्या पाहण्यात आलेला नाही.

तो करायला मोठी कंपनी लागत नाही. 2014 साली जगाला घाबरवणाऱ्या ‘पी.टी.’मध्ये जवळजवळ सगळा खेळ एकाच बोळात पुन्हा पुन्हा फिरण्याचा होता. गोडो हे खेळ बनवण्याचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. आवाज टिपायला खिशातला फोन पुरतो. आदिवासी वस्तीवर जाणार असाल तर आधी तिथल्या माणसांना विचारा, देवस्थानं आणि विधी वगळा, आणि संवाद पावरी, भिली, अहिराणी बोलणाऱ्यांकडूनच लिहून घ्या. पहिला खेळ दहा मिनिटांचाच करा. झाला की इथल्या वाचनालयात एक संध्याकाळ मागून घ्या आणि पुढच्या रांगेतल्या या ज्येष्ठांना खेळायला बसवा. मला कळवलंत तर मीही येईन.