फुटकी कपबशी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी मी ‘फुटकी कपबशी’ हा विषय घेतला, याचे कित्येकींना नवल वाटले असेल. सणासुदीला फुटक्याचे नाव घेऊ नये, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. परंतु जिच्या फळीवर टवका उडालेली एकही बशी नाही, अशी गृहिणी आपल्या हिवरखेडात तरी मला भेटलेली नाही. तेव्हा विषय अवलक्षणी असला, तरी घरचाच आहे.

पितळेच्या गंजाला पोचा आला तर तो ठोकून घेता येतो. अगदीच कामातून गेला तर मोडीत देऊन चार पैसे येतात. चिनीमातीला मोड नाही. भंगारवाला तिला हात लावीत नाही, आणि उकिरड्यावर टाकली तरी ती कुजत नाही. त्यातून कप फुटतो आणि बशी उरते. सहांच्या संचात वर्षाअखेर तीन कप आणि सहा बशा अशी विषम गृहस्थी होऊन बसते!

प्रथम, भांडे बिघडले हे ओळखावे कसे? माठ घेताना आपण बोटाने वाजवून पाहतो, तसाच कप वाजवावा. सबंध कप खणखणतो, तडकलेला बद्द बोलतो. केसासारखी तडा दिसत असेल तर त्या कपाला चहापासून निवृत्ती द्यावी. वरची झिलई गेली की आतली माती उघडी पडते. तीत दूध-चहा मुरतो, आणि कितीही घासले तरी तिथली घाण निघत नाही. तिथेच रोगजंतू वाढतात. टवक्याची कड ओठ कापते. तडकलेला कप उकळत्या चहाने हातातच दुभंगू शकतो. शिवाय जुन्या रंगीत भांड्यांच्या झिलईत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते. म्हणून तडकलेल्या बरणीत लोणचे घालू नये. डिंक किंवा रसायन लावून जोडलेले भांडेही शोभेपुरतेच ठेवावे, खाण्यापिण्याला नको.

एवढे आपल्याला पटते. तडकलेला कप आपण पाहुण्यांपुढे ठेवीत नाही, मुलांना देत नाही. पण तो टाकीतही नाही. मग तो जातो कुठे? भगिनींनो, आजचे माझे बोलणे खरे तर या एका प्रश्नासाठी आहे. तो कप गोठ्याच्या कोनाड्यात जातो. सालदाराला, निंदणीच्या बायांना, धुणेभांडी करणाऱ्या बाईला त्यातून चहा मिळतो. “फुटका आहे, पण त्यांना चालतो,” असे आपण सहज म्हणून जातो. जो कप आपल्या ओठाला कापतो, तो त्यांच्या ओठाला कापत नाही काय? जे जंतू आपल्या लेकराला बाधतात, ते कापूस वेचणारीच्या लेकराला ओळखून सोडून देतात काय?

आणि यात केवळ काटकसर नाही. वेगळा कप, वेगळा कोनाडा, ज्याचा त्याने धुऊन पालथा घालायचा, ही रीत कुठून आली हे आपण सर्वजणी जाणतो. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. १९५५ साली ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदाही झाला. कायदा दिवाणखान्यापर्यंत येतो. गोठ्याच्या कोनाड्यापर्यंत त्याला आपणच न्यायला हवे.

या बाबतीत आपल्या वऱ्हाडाला गुरू शोधायला दूर जावे लागत नाही. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा, आणि बालपण मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामाच्या घरचे. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती खराटा आणि जवळ मातीचे गाडगे, असा त्यांचा वेश होता. त्या गाडग्यातच ते भाकरी खात आणि तेच डोक्यावर पालथे घालीत. ज्याला आपण फुटक्या कवडीच्या मोलाचे म्हणतो, ते बाबांनी अंगावर मिरविले. पण एक गोष्ट नीट पाहावी. फुटके-तुटके त्यांनी स्वतःसाठी ठेवले, दुसऱ्याच्या हाती दिले नाही. दुसऱ्यांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधल्या, आणि पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने बांधली ती, ज्यांना इतरत्र दार बंद होते, त्यांच्यासाठी. आपण नेमके उलटे करतो. चांगले ते आपल्याला, फुटके ते त्यांना.

म्हणून पहिला नियम असा की फुटक्या भांड्यातून कुणीच खाऊ-पिऊ नये. मग त्याचे करावे काय? उपयोग पुष्कळ आहेत. जे मी घरी करून पाहिले, तेवढेच सांगते.

कान तुटलेले चार कप जाळीच्या कपाटाच्या पायांखाली ठेवून त्यांत पाणी घालावे. मुंग्या वर चढत नाहीत. पाण्यावर थेंबभर तेल सोडावे, म्हणजे डास होणार नाहीत. एकट्या उरलेल्या बशा कुंड्यांखाली ठेवाव्या. मात्र डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यातच अंडी घालतो आणि ती कडेला चिकटून राहतात. तेव्हा आठवड्यातून एकदा बशी घासून कोरडी करावी. उथळ ताटली भिंतीवर पाखरांच्या पाण्यासाठी ठेवावी. आपल्याकडच्या वैशाखात याहून मोठे पुण्य नाही. तिचे पाणी रोज बदलावे.

तडकलेल्या बरणीत कारल्या-दोडक्यांचे बी कडुनिंबाचा वाळला पाला घालून ठेवावे. धुण्याचा सोडा, बटणे, विणकामाच्या सुया यांनाही ती चांगली. कुंडी भरताना तळाच्या भोकावर बशीचा एक तुकडा ठेवावा. पाणी निथळते आणि माती वाहून जात नाही.

अगदीच चुरा झालेल्या भांड्यांची गोष्ट आणखी चांगली आहे. चंदीगडला नेकचंद नावाच्या रस्ते-निरीक्षकाने १९५७ च्या सुमारास फुटकी भांडी, बांगड्या, फरश्या गोळा करून एकट्याने मूर्तींची बाग रचायला घेतली. १९७६ साली ती लोकांना खुली झाली. आज देशोदेशीचे लोक ती पाहायला येतात. पुण्यात जन्मलेले प्रसिद्ध वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादेत १९८० साली ‘संगाथ’ हे आपले कार्यालय बांधले, तेव्हा त्याच्या कमानदार छतांवर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसविले. पांढरा गुळगुळीत तुकडा ऊन परतवून लावतो, त्यामुळे खालची खोली कमी तापते. अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा गच्चीवर अशी फरशी किती मोलाची आहे, हे मी सांगायला नको.

सबंध गच्ची आपल्याला झेपणार नाही. तुळशीवृंदावनाचा कठडा किंवा न्हाणीची पायरी झेपेल. भांडी जुन्या गोणपाटात गुंडाळून वरून हातोडीने फोडावी. डोळ्यांना चष्मा, हातांत जाड मोजे असावे. कडा दगडावर घासून बोथट कराव्या. १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू असा गिलावा घालून तो ओला असतानाच तुकडे दाबून बसवावे. मधल्या फटी सिमेंटने भराव्या, ओल्या फडक्याने पुसावे आणि ७ दिवस पाणी मारावे. कुठेही कड वर राहिली नाही ना, हे तळहात न फिरविता फडक्याने तपासावे. पायरीवर तुकडे विरळ बसवावे, नाहीतर ओल्या पायाने घसरायला होते.

यातूनही जे उरेल, ते कचऱ्यात उघडे टाकू नये. जाड कागदात बांधून, वर ‘काच’ असे लिहून वेगळे द्यावे. कचरा उचलणाऱ्याचे हातही हातच आहेत.

आता एक विनंती करून मी आपली रजा घेते. आज घरी गेल्यावर प्रत्येकीने आपला कोनाडा पाहावा. तिथला कप काढून कपाटाच्या पायाखाली लावावा किंवा वृंदावनावर बसवावा. आणि उद्या कामावर येणाऱ्या बाईला आपल्याच फळीवरच्या, आपल्याच संचातल्या कपातून चहा द्यावा. धुवायचा तो आपल्या कपांबरोबरच धुवावा. खर्च काहीच नाही. मंडळाच्या वाढदिवसाला एवढे झाले, तर सत्कार-समारंभाहून मला त्याचा आनंद अधिक होईल.