जिना एकच, पण भरवशाचा

टोरांटो, व्हँकूव्हर, ऑस्टिन, न्यू जर्सी इथून आणि थेट पुण्या-मुंबईहून आलेले माझे वास्तुरचनाकार, अभियंते आणि नगररचनाकार स्नेही,

स्वागत समितीच्या वतीनं मी आपल्या सर्वांचं सिॲटलमध्ये मनःपूर्वक स्वागत करतो. स्वागताध्यक्षानं आपल्या गावाचं गुणगान करावं, हा आपला जुना रिवाज. तो मी मोडणार नाही. पण इथला समुद्र, डोंगर आणि पाऊस तुम्ही विमानातून उतरतानाच पाहिलात, त्यावर मी वेळ घेत नाही. मला या शहराचा सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्याच्या इमारत नियमावलीतल्या एका कलमाचा, आणि आज मी त्याबद्दलच बोलणार आहे.

अमेरिकेतली बहुतेक राज्यं ज्या नमुना संहितेवर आपले नियम बेततात, तिच्यात एका जिन्यावर बांधता येणारी निवासी इमारत तीन मजल्यांवर थांबते. कॅनडाच्या राष्ट्रीय संहितेत ती दोन मजल्यांवरच थांबते. त्यापुढे एक मजला चढवायचा म्हटलं की दुसरा जिना आला आणि दोन्ही जिन्यांना जोडणारा पॅसेजही आला. सिॲटलनं १९७७ पासून सहा मजल्यांपर्यंत एका जिन्याची मुभा दिली आहे. ही मुभा फुकट मिळत नाही. एका मजल्यावर चारच घरं, त्याहून जास्त नाहीत. घराच्या दारापासून जिन्याचं दार वीस फुटांच्या आत. सगळ्या इमारतीला स्प्रिंकलर. जिना एक तर बाहेरच्या बाजूला उघडा हवा, नाही तर आतल्या जिन्यात पंख्यानं हवेचा दाब असा राखायचा की धूर आत शिरणारच नाही.

हे कलम नसतं तर काय झालं असतं, ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. इथला नेहमीचा प्लॉट साधारण पन्नास बाय शंभर फुटांचा. चारही बाजूंची अंतरं सोडली की बांधायला फार तर अडीच-तीन हजार चौरस फूट उरतात. एक जिना मजल्यावरचे दीड-दोनशे चौरस फूट खातो. दोन टोकांना दोन जिने, मध्ये पाच फुटी पॅसेज आणि लिफ्ट मांडून बघा, घरांसाठी उरलेल्या जागेत नकाशा बसतच नाही. मग बिल्डर शेजारचे तीन-चार प्लॉट एकत्र होण्याची वाट पाहतो. ते झाले की हॉटेलसारखी लांबलचक इमारत उभी राहते. मधून पॅसेज, दोन्ही हातांना दारं आणि प्रत्येक घराला एकाच बाजूला खिडक्या. बेडरूमला खिडकी लागते आणि खिडक्यांची भिंत तर एकच, त्यामुळे स्टुडिओ आणि वन बेडरूम यांचीच रांग लागते. तीन बेडरूमचं घर मिळालं तर कोपऱ्यावर, आणि कोपरे चारच असतात. दोन मुलं आणि आजी-आजोबा असलेल्या कुटुंबाला शहरात घर का मिळत नाही, याचं एक कारण त्या नकाशातच दिसतं.

आपल्या घरांतल्या बायकांना आणि स्वयंपाक करणाऱ्या पुरुषांना हे नकाशाशिवायही कळतं. फोडणीत मिरची पडली की घरभर ठसका. खिडकी उघडली तरी धूर हलत नाही, कारण समोरच्या बाजूनं वाऱ्याला वाटच नाही. दार उघडावं तर पॅसेजमधला अलार्म वाजायची भीती. आता सिॲटलच्या कॅपिटल हिल भागातल्या एखाद्या एका जिन्याच्या इमारतीत जा. जिना चढून लँडिंगवर आलात की समोर दोन-तीन दारं. आत शिरलं की रस्त्याकडे एक खिडकी, मागच्या अंगणाकडे दुसरी, आणि मधून वारा आरपार. जर्मनी, स्वित्झर्लंड, स्वीडनमध्ये लोक पिढ्यान् पिढ्या अशाच घरांत राहत आले आहेत.

आगीच्या बाबतीत हे शहर बेफिकीर आहे, असं मात्र कुणी समजू नये. ६ जून १८८९ ला इथल्या एका सुतारकामाच्या कारखान्यात सरसाचं भांडं पेटलं आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत शहराच्या मध्यभागातल्या पंचवीसेक चौकांची राख झाली. त्यानंतर तिथं लाकडाऐवजी विटा-दगडांचीच बांधकामं करायची, असा नियम झाला. २० मार्च १९७० च्या पहाटे ओझार्क हॉटेल पेटलं. एकेका खोलीत महिना-महिना राहणारी गरीब, एकटी माणसं तिथं होती. त्यांतले वीस जण गेले. महानगरपालिकेनं तातडीनं फर्मान काढलं की जुन्या हॉटेलांनी जिने बंदिस्त करावेत, स्प्रिंकलर बसवावेत. नियम योग्यच होता. पण तो खर्च झेपला नाही म्हणून कितीतरी मालकांनी हॉटेलांना कुलपं लावली आणि स्वस्तातल्या हजारो खोल्या शहरातून नाहीशा झाल्या. आगीत गेलेल्यांची नोंद अग्निशमन दलाकडे राहते. खोली गेल्यामुळे रस्त्यावर आलेल्यांची नोंद कोणाच्याच दफ्तरात नसते. सुरक्षेचा नियम करताना या दुसऱ्या रकान्यातही आकडा लिहायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

अग्निशमन दलातल्या मंडळींचा एका जिन्याला विरोध आहे, हे मला माहीत आहे, आणि तो विरोध मला हलका वाटत नाही. आग लागली की ते होजपाइप घेऊन वर चढत असतात आणि त्याच जिन्यानं माणसं मुलांना कडेवर घेऊन खाली येत असतात. पेटलेल्या घराचं दार होजमुळे उघडं राहिलं तर तोच जिना धुरानं भरतो. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला चोवीस मजले होते आणि जिना एक. १४ जून २०१७ च्या रात्री तिथं बहात्तर माणसं गेली. आग पसरली ती बाहेरच्या ज्वलनशील आवरणामुळे, हे चौकशीत सिद्ध झालं. तरी इंग्लंडनं अठरा मीटरहून उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा करायचं ठरवलं. तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. चोवीस मजले आणि सहा मजले यांत मोठा फरक आहे. सहाव्या मजल्यापर्यंत दलाची शिडी पोचते, आणि फार तर चोवीस कुटुंबं जिन्यातून थोड्या मिनिटांत उतरतात. म्हणून एका जिन्याची मुभा इतरत्रही मिळावी, ही आपली मागणी सहा मजल्यांपुरती आहे आणि ती तिथंच थांबली पाहिजे. उत्साहाच्या भरात कोणी आठ-दहा मजल्यांचा विषय काढला तर मी त्याला विरोध करीन.

न्यूयॉर्क शहरही लहान तळाच्या इमारतींना सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालवून घेतं. या दोन शहरांतल्या अशा आधुनिक इमारतींच्या बारा वर्षांच्या नोंदी प्यू या संस्थेच्या अभ्यासकांनी तपासल्या आणि २०२५ मध्ये अहवाल दिला. इतर घरांपेक्षा इथं आगीत जास्त माणसं दगावतात असं त्यांना आढळलं नाही, आणि दुसरा जिना नव्हता म्हणून माणूस गेला अशी एकही घटना सापडली नाही. आता बाकीचेही हलू लागले आहेत. आपल्या वॉशिंग्टन राज्यानं २०२३ मध्ये कायदा करून संहिता परिषदेला हा नियम राज्यभरासाठी तयार करायला सांगितलं. व्हँकूव्हरच्या मित्रांच्या ब्रिटिश कोलंबियानं ऑगस्ट २०२४ मध्ये सहा मजल्यांना परवानगी दिली. २०२५ मध्ये टेक्ससनं पाऊल उचललं.

पुण्या-मुंबईहून आलेल्या मित्रांना वाटेल की आमच्याकडे एका जिन्याच्या इमारती पायलीच्या पन्नास आहेत, यात आम्हाला नवं ते काय? खरं आहे. दादर-माटुंग्याच्या १९३०-४० च्या दशकांतल्या तीन मजली इमारतींत वाढलेल्यांना लँडिंगवरची दोन-तीन दारं आणि आरपार वारा नव्यानं सांगायला नको. पण त्याच मुंबईत पुनर्वसनाच्या नावाखाली आपण काय बांधलं? गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड, मानखुर्दचं लल्लुभाई कंपाउंड पाहा. भर दुपारी दिवा लावावा लागणारे पॅसेज, हाताच्या अंतरावर समोरची इमारत, आणि अंधार-कोंदटपणाचा तिथल्या क्षयरोगाशी संबंध दाखवणारे अभ्यास. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत तळमजल्याच्या पार्किंगमध्ये आग लागली आणि धूर वर चढला. त्या पुनर्वसन इमारतीला वर पाचच मजले होते, तरी किमान सात माणसं गेली. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २०१८ साली चौघं गेले, आणि तिथली अग्निशमन यंत्रणा बंद असल्याचं उघड झालं.

म्हणून इथली नुसती परवानगी तिकडे नेऊ नका. न्यायचीच तर तिच्याबरोबरच्या अटीही न्या. आपल्या सोसायट्यांत जिन्याखाली मीटर, लँडिंगवर चपलांचं कपाट, कोपऱ्यात कुणाची तरी सायकल आणि गच्चीच्या दाराला कुलूप, हे चित्र तुम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. जिना हा वापरात नसलेला मोकळा कोपरा आहे, असं समजून आपण वागतो. सिॲटलचं कलम जिन्याकडे इमारतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग म्हणून पाहतं. धूर बाहेर ठेवायचा, दारं आपोआप बंद व्हायला हवीत, स्प्रिंकलरची तपासणी दर वर्षी. मुंबईच्या कुठल्याही जुन्या इमारतीच्या पुनर्विकासात या गोष्टी आधी मागा, एफएसआयची बोलणी त्यानंतर करा.

या दोन दिवसांत नकाशे भरपूर पाहू, वादही होतील, व्हायलाच हवेत. अग्निशमन खात्यातले दोन निवृत्त अधिकारी आपलं निमंत्रण स्वीकारून आले आहेत. त्यांचं मी विशेष स्वागत करतो आणि त्यांचे आक्षेप सगळ्यांनी मन लावून ऐकावेत, अशी विनंती करतो. माझं तुमच्याकडे मागणं एवढंच आहे की घरी परतल्यावर आपापल्या राज्यात, प्रांतात किंवा महानगरपालिकेत नियमावलीवर हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा स्वतःच्या सहीनं लेखी सूचना द्या. सोबत एक खरा प्लॉट आणि त्यावरचे दोन नकाशे जोडा, एक दोन जिन्यांचा आणि एक एका जिन्याचा. नियम करणाऱ्यांसमोर असे नकाशे फार कमी वेळा येतात, आणि ते काढू शकणारी माणसं आज या सभागृहात बसली आहेत.