आठ हजारांच्या गावात

(युवक शिबिरात ऑनलाइन केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आयोजकांनी मला विषय दिला होता ‘परदेशातील संधी’. पण व्हिसा, पगार, कर ही माहिती तुम्हाला एका संध्याकाळी मोबाईलवर मिळेल. मी निघताना मला कुणी सांगितलं नव्हतं, त्याबद्दल बोलतो. परदेश म्हटलं की आपल्याला लंडन, दुबई, न्यूयॉर्क दिसतं. जर्मनीत मात्र इंजिनिअरची नोकरी अनेकदा अशा गावात असते, ज्याचं नाव आपण कधी ऐकलेलं नसतं.

माझं गाव ओबरकोखेन. दक्षिण जर्मनीत, बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात. लोकसंख्या आठ हजारांच्या आसपास. माझं लहानपण भवानी पेठेत गेलं, नंतर आम्ही कोंढव्यात आलो. आमच्या रस्त्यावर ईदच्या आदल्या रात्री याहून जास्त माणसं असतात.

गाव लहान असलं तरी साधं नाही. १९४५ साली युद्ध संपताना येना हे शहर रशियनांच्या ताब्यात जाणार होतं. तिथल्या झाइस या भिंगांच्या कंपनीचे ऐंशीहून अधिक शास्त्रज्ञ आणि अधिकारी अमेरिकन सैन्याने पश्चिमेकडे नेले. १९४६ मध्ये त्यांनी ओबरकोखेनमध्ये पुन्हा काम सुरू केलं. त्याच काळात पूर्व युरोपातून हाकललेली जर्मन कुटुंबं या भागात आली. १९६१ मध्ये जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार-करार केला, तेव्हा तुर्की कामगार आले. आज जगातल्या सर्वांत प्रगत चिप ज्या यंत्रांवर बनतात, त्यांचे आरसे याच गावात तयार होतात. म्हणजे तुमच्यापैकी काहींच्या खिशातल्या मोबाईलचा या गावाशी संबंध आहे. मी इथल्या कारखान्यांना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम करतो.

आता घराचं सांगतो. २०१६ मध्ये लग्न ठरल्यावर मी पुण्यात बाणेर, औंध, कोथरूडला भाड्याचं घर शोधत होतो. फोनवर सगळं ठीक असायचं, नाव सांगितलं की फ्लॅट ‘कालच गेला’ असायचा. तुमच्यापैकी अनेकांना हे नवीन नाही. शेवटी कोंढव्यातच राहिलो. जर्मनीत असं होत नाही असं मी म्हणणार नाही. माझे उच्चार ऐकून दोन ठिकाणी तिथलाही फ्लॅट ‘कालच गेला’. तिसऱ्या मालकाने पगाराच्या पावत्या बघितल्या आणि एकच प्रश्न विचारला, “केरवोखे कराल ना?”

या भागात केरवोखे म्हणजे झाडायचा आठवडा. जर्मन शब्द, पण ‘केर’ आपलाच वाटतो. इमारतीतल्या प्रत्येक घराची पाळी येते. पाळी आली की दारावर पाटी लागते. त्या आठवड्यात जिना पुसायचा, दारासमोरचा फुटपाथ झाडायचा, हिवाळ्यात सकाळी बर्फ काढायचा. या प्रथेचं मूळ पंधराव्या शतकातल्या श्टुटगार्टच्या शहर-नियमांपर्यंत नेतात. पहिल्या शनिवारी मी झाडू घेऊन रस्त्यावर उभा राहिलो, तेव्हा मला कसंतरीच वाटलं. इंजिनिअर झालो, जर्मनीत आलो आणि रस्ता झाडतोय! अम्मीला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर तिला आधी माझी नोकरी गेली असंच वाटलं.

पण गावाने मला ओळखलं ते त्या झाडूमुळे. पहिल्याच शनिवारी तिघांनी थांबून नाव विचारलं. एकाने मी कोपरा सोडला हेही दाखवलं.

लहान गावात लपता येत नाही. शहरात आपला मोहल्ला असतो. दुकानदार आपला, डॉक्टर आपला, सुखदुःखाला माणसं आपली. बाहेरच्यांनी दारं लावली म्हणून आपण तिथे गेलो हे खरं आहे. पण तिथे अशी सवयही लागते की दहा दहा वर्षं वेगळ्या माणसाशी कामापलीकडे बोलावं लागत नाही. ओबरकोखेनमध्ये माझ्यासाठी मोहल्ला नव्हता. आम्ही तिघेच.

जुम्म्यासाठी शेजारच्या मोठ्या गावातल्या तुर्की मशिदीत जातो. तिथे खुतबा तुर्की भाषेत. मी हिंदुस्तानातला म्हटल्यावर एका चाचांनी प्रेमाने विचारलं, “तू मुसलमान कधी झालास?” ऑफिसात उलट. भारतीय म्हणून माझ्यासाठी न विचारता शाकाहारी जेवण मागवलं होतं. माझी भाषा मराठी, हे तर दोन्हीकडे समजावून सांगावं लागतं.

२०१९ चा आमचा पहिला रमजान मे महिन्यात आला. रोजा सतरा तासांच्या वर, इफ्तार रात्री नऊच्या सुमारास. दुसऱ्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या आजींनी दार वाजवलं. रात्री तीनला तुमच्या स्वयंपाकघरात दिवा का असतो, घरात कुणी आजारी आहे का, असं विचारू लागल्या. आम्ही सांगितलं. चार दिवसांनी त्या बरोबर नऊ वाजता केक घेऊन आल्या. त्यात रम आहे का, हे मला विचारावंच लागलं. होती. त्यांनी दुसरा केला.

या आजी सात वर्षांच्या असताना बोहेमियातून निर्वासित म्हणून आल्या. त्या जर्मनच होत्या, तरी इथल्या लोकांनी सुरुवातीला त्यांना घरात घेताना तोंड वाकडं केलं होतं. हे त्या हसत सांगतात, पण नावं अजून विसरलेल्या नाहीत.

माझ्यापेक्षा जास्त किंमत माझ्या बायकोने दिली. ती फार्मासिस्ट. तिची पदवी मान्य व्हायला जर्मनची वरची परीक्षा आणि कागदपत्रांचा डोंगर. मी ऑफिसात इंग्रजीवर निभावत होतो, ती मात्र दिवसभर घरात. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, रविवारी सगळी दुकानं बंद. ती एकदा म्हणाली, “इथं दिवसभर माझं नाव कुणी घेत नाही.” मग करोना आला आणि भाषेचा वर्गही बंद पडला. तिला बाहेर काढलं ते मुलीच्या बालवाडीने आणि केक करणाऱ्या आजींनी. तीन वर्षं रोज अर्धा तास आजी तिच्याशी जर्मन बोलल्या. आता ती औषधांच्या दुकानात सहायक आहे, फार्मासिस्ट नाही. तुम्ही लग्न करून जाणार असाल, तर निघण्याआधी जोडीदाराचा भाषेचा वर्ग सुरू करा. नोकरी तुमची असते, एकटेपणा मात्र दुसऱ्याच्या वाट्याला जातो.

आता मला सतावणारी गोष्ट. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणाऱ्या एएफडी पक्षाला जर्मनीभरात २०.८ टक्के मतं पडली. म्हणजे दर पाच मतदारांत एक. दुसऱ्या दिवशी बेकरीच्या रांगेत मी माणसं मोजली. आठ होती. सगळ्यांनी नेहमीसारखं ‘सुप्रभात’ म्हटलं.

मी त्यांच्याविरुद्ध मत देऊ शकत नाही. जून २०२४ मध्ये इथे नगर परिषदेची निवडणूक झाली. आमच्या राज्यात त्यात सोळा वर्षांची मुलं मत देतात, युरोपीय संघातले इटालियन, ग्रीकही देतात. मी कर भरतो, फुटपाथ झाडतो, पण मला मत नाही. भारतात आहे, अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. २०२४ च्या लोकसभेला मी आलो नाही. सात वर्षांत मी कुठेच मत दिलेलं नाही. पुण्यात माझं मत मोजलं जायचं, पण फ्लॅट दाखवायला कुणी तयार नव्हतं. इथे शनिवारी मी दिसलो नाही तर लोक विचारतात, पण मतदारयादीत मी नाही.

२७ जून २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येतं आणि जुनं सोडायची अट त्यांनी काढली आहे. भारताची अट मात्र कायम आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेणाऱ्याचं भारतीय नागरिकत्व संपतं. आपल्याला देशप्रेमाचा दाखला ऊठसूट मागितला जातो. त्या समाजातल्या माणसाने पासपोर्ट परत करायचा म्हणजे काय, ते इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. अब्बांना मी अजून विचारलेलं नाही.

अर्ज भरून टेबलाच्या खणात ठेवला आहे. बायको म्हणते, मुलगी सोळा वर्षांची होईल तेव्हा तिने एकटीने मतदानाला जायचं का? मुलगी आठ वर्षांची आहे. तिचं म्हणणं एवढंच, की केरवोखेची पाटी या वेळी तिच्या हाताने लावायची.

तुमचे प्रश्न असतील तर विचारा.